पाच जण, पन्नास हजार आणि दिल्लीचा सोमवार

कमी बजेटमधल्या दिल्ली ट्रिपची ही केस आमच्या घरचीच आहे, म्हणून आकडे खरे देता येतात. फेब्रुवारीत आई-बाबा, मी, बायको आणि आमची नऊ वर्षांची लेक असे पाच जण नाशिकहून दिल्लीला जाऊन आलो. बाबा रिटायर्ड शिक्षक, एका गुडघ्याचं दुखणं आहे, आणि त्यांची एकच इच्छा होती की नातीला लाल किल्ला स्वतः दाखवायचा. बजेट पन्नास हजार, त्यात गाडी, राहणं, खाणं, फिरणं सगळं आलं पाहिजे, खरेदी वेगळी नाही. दिल्लीत पूर्ण दिवस मिळणार तीनच, शनिवार, रविवार आणि सोमवार, कारण मला आणि बायकोला त्याच्यावर सुट्टी नव्हती.

पहिला प्लॅन माझ्या धाकट्या भावाने केला होता, तो स्वतः येणार नव्हता पण हौसेने बसून सगळं काढून दिलं. विमानतळाजवळ महिपालपूरला दोन रूम, ११०० ची एक, चार रात्री म्हणजे ८८०० रुपये. तिन्ही दिवस गाडी भाड्याने, आणि चौदा ठिकाणांची यादी. बघितल्यावर वाटतं काय मस्त जमलंय, हॉटेल एवढं स्वस्त मिळालंय. मी पण दोन दिवस खुश होतो, मग एका रात्री नकाशा उघडून बसलो आणि एकेक ठिकाण कुठे आहे, कधी उघडं असतं ते वहीत लिहायला लागलो तेव्हा कळलं की ह्यातलं निम्मं होणारच नाही.

सगळ्यात मोठी अडचण सोमवारची. भावाने सोमवारी लाल किल्ला, अक्षरधाम, लोटस टेंपल आणि रेल म्युझियम टाकलं होतं. आता ही चारही ठिकाणं सोमवारी बंद असतात, चारच्या चार. नॅशनल म्युझियम बंद, तीन मूर्तीचं प्रधानमंत्री संग्रहालय बंद, गांधी स्मृती बंद, राष्ट्रपती भवनाची बाग पण बंद. म्हणजे गाडीचे पैसे भरून पाच जण दिवसभर बंद गेटं बघत फिरलो असतो, आणि बाबांचा लाल किल्ला त्याच दिवशी होता, तो राहूनच गेला असता कारण मंगळवारी पहाटे परतीची गाडी.

दुसरी अडचण पाच ह्या आकड्याची. साध्या कॅबमध्ये चार बसतात, रिक्षात तीन. म्हणजे पाच जणांना प्रत्येक वेळी एकतर सहा सीटर मोठी गाडी नाहीतर दोन रिक्षा. मोठ्या गाडीचे दिवसाचे ३५०० सांगितले होते, तीन दिवसांचे साडेदहा हजार, आणि महिपालपूरहून जुनी दिल्ली गाठायची म्हणजे रोज सकाळी ट्रॅफिकमध्ये तास-दीड तास, संध्याकाळी परत तेवढाच. हॉटेल आणि गाडी मिळून १९,३०० होत होते. मी जेव्हा हे दोन आकडे एका ओळीत लिहिले तेव्हा स्वस्त हॉटेल स्वस्त राहिलंच नाही. आपण रूमचं भाडं एकटंच बघतो, पण रूमचं भाडं आणि तिथून रोज बाहेर पडायचा खर्च हा एकच आकडा धरायला पाहिजे, ही गोष्ट मला त्या रात्री पहिल्यांदा नीट समजली आणि पुढचा सगळा प्लॅन त्याच्यावरच उभा राहिला.

मग करोल बागेत शोधलं. मेट्रो स्टेशनपासून पायी पाच-सहा मिनिटांवर, लिफ्ट असलेलं, १९०० ची एक रूम, दोन रूम चार रात्री १५,२००. महिपालपूरपेक्षा ६४०० जास्त, आणि बायको म्हणाली पण की बजेट आहे ना आपलं, मग महाग कशाला. पण करोल बाग ब्लू लाइनवर आहे, तिथून राजीव चौक तिसरं स्टेशन, तिथे यलो लाइन मिळते. मंडी हाउसला उतरलं की व्हायोलेट लाइन, ती थेट लाल किला स्टेशनला नेते, आणि अक्षरधामला तर गाडी बदलायचीच गरज नाही. म्हणजे आमच्या यादीतलं जवळपास सगळं एका बदलात येत होतं. प्रत्येक बदलात जिने-लिफ्ट-चालणं हे बाबांच्या गुडघ्याला सोसायला हवं होतं, म्हणून बदल कमी हे मला पैशाइतकंच महत्त्वाचं होतं. आधीचं बुकिंग फ्री कॅन्सलेशनमध्ये होतं म्हणून सुटलो, हे एक भावाने फार चांगलं केलं होतं.

गाडीचं सांगतो. रेल्वेचं आगाऊ बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं, नोव्हेंबर २०२४ पासून, आधी १२० होते. पंजाब मेल ठरवली, रात्री नाशिकहून निघते आणि दुसऱ्या दिवशी रात्री नवी दिल्ली, परतीची तिकडून पहाटे. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, बऱ्याच जणांना अजून वाटतं की ती मिळते आणि मग बजेट चुकतं. पण लोअर बर्थचा ज्येष्ठांचा कोटा आहे, पुरुष ६० आणि बाई ४५ च्या वर असेल तर, फक्त त्या तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी पाहिजेत. पाच जणांचं एकच तिकीट काढलं असतं तर तो कोटा लागू झाला नसता. म्हणून आई-बाबांचं तिकीट वेगळं काढलं, दोघांना खालचे बर्थ मिळाले, आमच्या तिघांचं वेगळं. लेकीचं पूर्ण तिकीट, कारण पाच ते बारा वयाच्या मुलाला स्वतंत्र बर्थ घेतला तर पूर्ण भाडं लागतं, अर्ध्या भाड्यात बर्थ नाही मिळत. एवढ्या लांब रात्रीच्या प्रवासात तिला मांडीवर झोपवणं काही खरं नव्हतं. थर्ड एसीचे जाऊन-येऊन पाच जणांचे १६,९०० गेले. स्लीपरने गेलो असतो तर ह्याच्या निम्म्याहून कमीत झालं असतं हे मला माहितीये, पण एवढ्या लांबच्या प्रवासानंतर बाबा पहिल्याच दिवशी झोपून राहिले असते तर त्या बचतीचा उपयोग काय होता.

आता तीन दिवसांची मांडणी. मी आधी सोमवार भरला, बाकीचे दोन नंतर. सोमवारी काय उघडं असतं तर कुतुब मिनार, हुमायूनचा मकबरा, नॅशनल वॉर मेमोरियल, इंडिया गेट, लोधी गार्डन आणि बंगला साहिब गुरुद्वारा. बघा, एवढा भरगच्च दिवस, आणि ह्यात तिकीट फक्त पहिल्या दोनला. मग शनिवार की रविवार हे ठरवायला दोन गोष्टी बघितल्या. चांदनी चौकातली दुकानं रविवारी बंद असतात आणि आईला तिथल्याच किनारी बाजारात जायचं होतं, म्हणून लाल किल्ला आणि चांदनी चौक शनिवारी. आणि दिल्ली मेट्रोचं भाडं रविवारी कमी असतं, ऑगस्ट २०२५ च्या वाढीनंतर ५ ते १२ किलोमीटरला एरवी ३२ रुपये तर रविवारी २१, १२ ते २१ किलोमीटरला ४३ च्या जागी ३२. म्हणून ज्या दिवशी शहराच्या ह्या टोकाहून त्या टोकाला जायचंय तो दिवस रविवार. अमृत उद्यान आणि अक्षरधाम. राष्ट्रपती भवनाची ही बाग फेब्रुवारी-मार्चमध्ये लोकांसाठी उघडते, तिकीट नाही, फक्त ऑनलाइन वेळ बुक करायची.

मेट्रोच्या कार्डाचा हिशेब आवर्जून सांगतो कारण ह्यात मी पण फसणार होतो. टुरिस्ट कार्ड म्हणून असतं, तीन दिवसांचं ५०० रुपये, त्यातले ५० परत मिळतात, कितीही फिरा. ऐकायला छान वाटतं. पण मी आमच्या रोजच्या फेऱ्या मांडल्या तर एका माणसाचा तीन दिवसांचा खर्च अडीचशेच्या आसपासच येत होता. आपण म्हातारी माणसं आणि पोर घेऊन दिवसात तीन-चार फेऱ्यांच्या वर जातच नाही, त्यामुळे अनलिमिटेडचा फायदा आपल्याला मिळतच नाही. साधी स्मार्ट कार्डं घेतली, प्रत्येक फेरीला १० टक्के सूट आणि दुपारी १२ ते ५ मध्ये अजून १० टक्के. सवलतीचे पैसे काही फार नाहीत हो, पण पाच जणांनी दर वेळी तिकिटाच्या रांगेत थांबायचं नाही हे बाबांसाठी मोठं होतं. एक कार्ड एकालाच चालतं, पाच जणांना पाच घ्यावी लागतात. लहान मुलांना उंचीवर सूट आहे, ९० सेंटिमीटरपर्यंत फ्री, आमची लेक कधीच त्याच्या वर गेलीये.

शुक्रवारी रात्री नवी दिल्लीला उतरलो. स्टेशनबाहेर दोन जण वेगवेगळे येऊन सांगायला लागले की तुमच्या हॉटेलचा रस्ता बंद आहे, तुमचं बुकिंग रद्द झालंय, चला ऑफिसात चेक करून देतो. हे दिल्लीत जुनं आहे, मी घरूनच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की स्टेशनबाहेर कोणी काहीही सांगितलं तरी थांबायचं नाही, हॉटेलला फोन मी लावेन. तरी आईचा चेहरा उतरला होता, रात्रीची वेळ, अनोळखी गाव, कुणालाही भीती वाटणारच. ज्यांच्याबरोबर वयस्कर माणसं आहेत त्यांनी हॉटेलचा नंबर फोनमध्ये पण आणि कागदावर पण ठेवाच.

शनिवार. सकाळीच लाल किल्ल्यात पोचलो, ऊन चढायच्या आत. १५ वर्षांखालच्या मुलांना पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्ये तिकीट नाही, मोठ्यांचं ऑनलाइन काढलं होतं. लाहोरी गेटातून छत्ता बाजार, मग नौबतखाना, मग दिवाण-ए-आम, हे चालणं वाटतं त्यापेक्षा बरंच आहे, बाबा तीनदा बसले. मी मुद्दाम ह्या दिवशी दुपारपर्यंत दुसरं काहीच ठेवलं नव्हतं. भावाच्या प्लॅनमध्ये लाल किल्ल्याला दीड तास होता, आम्हाला साडेतीन लागले.

आणि त्या साडेतीन तासांबद्दल लिहिल्याशिवाय ही केस पूर्ण होत नाही. दिवाण-ए-खासमध्ये बाबा नातीला जवळ घेऊन उभे राहिले आणि छत दाखवून म्हणाले, इथे वर चांदी होती. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली तेव्हा फौजेचा पगार द्यायला पैसे नव्हते, उत्तरेतून वसुली येत नव्हती, तेव्हा इथली चांदी उतरवून नाणी पाडली, आणि पुढच्या जानेवारीत पानिपत झालं. ती म्हणाली, आबा, एवढ्या मोठ्या लढाईला पैसे घरून घेऊन नव्हते का गेले? बाबा हसले नाहीत, त्यांनी तिला पुढची दहा मिनिटं खर्च, रसद, लांबचा मुलूख, बरोबर आलेले यात्रेकरू आणि बायकामुलं असं सगळं सांगितलं. मग १७८८ मध्ये महादजी शिंद्यांनी गुलाम कादिरच्या हातातून दिल्ली परत घेतली ते, १८०३ मध्ये इंग्रज आले ते, आणि १९४५ मध्ये इथेच आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला चालला ते. दोन-तीन अनोळखी मराठी माणसं पण बाजूला येऊन ऐकत उभी होती. गाईड केला असता तर त्याने मयूर सिंहासन आणि नादिरशहा सांगितला असता, तेही बरोबरच आहे, पण हे नसतं सांगितलं. माझं मत आहे की घरात कोणाला एखाद्या जागेची खरी ओढ असेल तर त्या एका जागेला अर्धा दिवस द्या आणि यादीतली तीन ठिकाणं खुशाल खोडा.

दुपारी चांदनी चौक. मुख्य रस्त्यावर सकाळी ९ ते रात्री ९ मोटारी येऊ देत नाहीत, त्यामुळे सायकल रिक्षा घेतली, बाबांना चालवलं नाही. शीशगंज गुरुद्वाऱ्यात टेकलो, गुरू तेगबहादुरांचं बलिदान १६७५ मध्ये तिथेच झालं. जामा मशीद बाहेरूनच बघितली, त्या पायऱ्या बाबांना जमणार नव्हत्या. आईने किनारी बाजारात लेस आणि बॉर्डर घेतल्या, त्याचा हिशेब शेवटी.

रविवार सगळ्यात सोपा गेला. सेंट्रल सेक्रेटेरिएट स्टेशनच्या ४ नंबर गेटहून बागेपर्यंत शटल बस असते, उगाच रिक्षा करायची गरज नाही. गर्दी होती, रविवारी असणारच, पण सकाळची पहिली वेळ घेतल्यामुळे निभावलं. ट्यूलिप बघून आई किती वेळ एकाच वाफ्यापाशी उभी होती. तिथून अक्षरधामला जाताना राजीव चौक टाळला, व्हायोलेटने मंडी हाउस आणि तिथून ब्लू, कारण राजीव चौकातली गर्दी म्हणजे धक्काबुक्कीच. अक्षरधाममध्ये प्रवेशाला पैसे नाहीत पण मोबाईल, कॅमेरा, बॅग सगळं बाहेर जमा करावं लागतं आणि त्या रांगेत आमचे चाळीस मिनिटं गेले. हे मी प्लॅनमध्ये धरलंच नव्हतं, माझी चूक. मोबाईल हॉटेलवरच ठेवून एकच बरोबर घेतला असता तरी जमा करायचा थोडा वेळ वाचला असता. आत प्रदर्शनांचं तिकीट नाही काढलं, फक्त संध्याकाळचा पाण्याचा शो बघितला.

सोमवारी सकाळी आठला कुतुब मिनार. स्टेशनचं नाव कुतुब मिनार असलं तरी वास्तू तिथून लांब आहे, दोन रिक्षा लागल्या. दिल्लीत रिक्षाचं मीटर पहिल्या दीड किलोमीटरला ३० आणि पुढे किलोमीटरला ११ असं आहे, हा आकडा डोक्यात असला की बोलणी करता येतात. परतताना एक रिक्षावाला म्हणाला फक्त पन्नासात दोन्ही रिक्षा सोडतो, फक्त वाटेत एका एम्पोरियममध्ये पाच मिनिटं थांबायचं. नको म्हणलं. तो पाच मिनिटांचा थांबा तासाभराचा होतो आणि आईसारखी माणसं दुकानदाराला नाही म्हणू शकत नाहीत. मिनार ७२.५ मीटर, आत चढणं १९८१ च्या दुर्घटनेनंतर बंदच आहे, पण लेकीला लोहस्तंभच जास्त आवडला, दीड हजार वर्षांहून जुना आणि गंजलेला नाही. तिकीट ऑनलाइन ३५, खिडकीवर ४०, पाच रुपयांपेक्षा रांग वाचते हे महत्त्वाचं.

मग मेट्रोने जोरबाग, लोधी गार्डनमध्ये सावलीत डबा खाल्ला (हॉटेलसमोरून पराठे बांधून घेतले होते), तास-दीड तास सगळे आडवे झाले. ही विश्रांती प्लॅनमध्ये लिहिलेली होती, वेळेसकट. हुमायूनच्या मकबऱ्याच्या वरच्या चौथऱ्याचे जिने फार उभे आहेत, बाबा खालीच बाकावर बसले, आम्ही वर जाऊन आलो. १८५७ मध्ये बहादूरशहा जफर ह्याच मकबऱ्यात आसऱ्याला आला होता आणि इथूनच पकडला गेला, हे बाबांनी खालून निघतानाच लेकीला सांगून पाठवलं होतं.

संध्याकाळी वॉर मेमोरियल. २०१९ मध्ये झालंय, तिकीट नाही. त्यागचक्राच्या भिंतींवर ग्रॅनाइटमध्ये पंचवीस हजारांवर नावं कोरलेली आहेत. आमच्या गावचे एक जवान १९७१ मध्ये गेले, बाबांबरोबर एका वर्गात शिकलेले. तिथल्या माणसाला विचारून नाव शोधलं, सापडलं. बाबांनी अक्षरांवरून हात फिरवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. दिल्ली हाट, म्हणजे हस्तकलेचा बाजार, यादीत होतं ते तिथेच सोडलं, कोणी आठवण पण काढली नाही.

रात्री बंगला साहिब. लंगरबद्दल एक गोष्ट मनापासून सांगायचीये. बजेट ट्रिपच्या नावाखाली लोक त्याला फुकट जेवण म्हणून यादीत टाकतात, ते मला बरोबर वाटत नाही. तिथे कोणालाही जेवायला बसवतात हे त्यांचं मोठेपण आहे, आपण दर्शन घ्यावं, डोकं झाकून पंगतीत बसावं, थोडी सेवा करावी आणि जमेल ते पेटीत टाकावं. आई आणि बायको पोळ्या लाटायला बसल्या, आई म्हणाली ह्या ट्रिपमधलं हेच सगळ्यात जास्त लक्षात राहील.

मंगळवारी पहाटे स्टेशनला जायला मेट्रो सुरू झालेली नसते, दोन रिक्षा रात्रीच हॉटेलवाल्याकडून सांगून ठेवल्या होत्या, पैसे थोडे जास्त गेले.

आता हिशेब. रेल्वे १६,९००, हॉटेल १५,२००, मेट्रो कार्डांच्या डिपॉझिटसकट १४००, रिक्षा २४००, तिकिटं आणि शो मिळून १२००, खाणं-पिणं रेल्वेतलं धरून ८९००. एकूण ४६,०००. उरलेल्या चार हजारातले साडेतीन आईच्या किनारी बाजारात गेले आणि ते आधीपासून तिच्यासाठीच ठेवलेले होते. भावाच्या प्लॅनमध्ये हॉटेल आणि भाड्याच्या गाडीचेच १९,३०० होते, आमचे हॉटेल, मेट्रो आणि रिक्षा सगळं मिळून १९,००० झाले. म्हणजे बघा, पैशात फरक तीनशेचाच आहे. पण रोजचे अडीच-तीन तास ट्रॅफिकमधले वाचले, रूम चांगली मिळाली, आणि सोमवार वाया गेला नाही.

चौदातली आठ ठिकाणं झाली. रेल म्युझियम राहिलं त्याचं लेकीला वाईट वाटलं, ते शनिवार-रविवारात कुठेच बसलं नाही, आणि एक दिवस अजून असता तर मी मंगळवार त्यालाच दिला असता. खाण्याचा आकडा मी सात हजार धरला होता, तो चुकला, गाडीतल्या दोन दिवसांचा चहा-नाश्ता पाच जणांचा किती होतो ह्याचा अंदाज नव्हता.

मेट्रोची पाचही कार्डं परत केली नाहीत, प्रत्येकात थोडे पैसे शिल्लक आहेत. भाऊ पुढच्या महिन्यात त्याच्या घरच्यांना घेऊन जातोय, त्याला दिली. तो शुक्रवार ते सोमवार जाणार म्हणतो, आत्ता वही घेऊन त्याच्याकडेच निघालोय.